हात दिसतील असा फोन

रविवारी सकाळी तोमासा कुंपणाशी आली आणि ओरडली नाही, तेव्हाच एर्लिंडानं ओळखलं, काहीतरी वेगळं आहे. तोमासाच्या घरातलं मीठ संपलं तरी ते डोंगरापलीकडे कळायचं, असा तिचा गळा. आज मात्र ती हातातला बटणांचा फोन छातीशी धरून मुकाट उभी होती.

"कोमाद्रे, पोरीचा मेसेज आलाय."

एर्लिंडा पीठ मळत होती. मक्याचं पीठ, खारं चीज आणि लोणी एकत्र मळून त्याच्या रोस्किया वळायच्या, बांगडीएवढ्या गोल, आणि अंगणातल्या मातीच्या भट्टीत खरपूस भाजायच्या. सोमोतो गावाच्या आसपास निम्म्या बायका हेच करतात आणि प्रत्येकीला वाटतं, खरी रोस्किया आपलीच. एर्लिंडानं हात तसेच एप्रनला पुसले.

"वाच."

"'ममा, मी बरी आहे. सगळ्यांना नमस्कार.'"

"हे दर रविवारचंच झालं."

"पुढं आहे ना. 'ममा, कॅमेऱ्याचा फोन घे.'"

"आणि?"

"आणि काही नाही. संपलं."

"परत वाच. नीट वाच."

"अगं, एवढ्याशा मेसेजात नीट न वाचायला आहे काय?" असं म्हणून तोमासानं तो परत वाचला. तेच होतं.

एर्लिंडाची पोर याओस्का नाताळ झाल्यावर सीमेपलीकडे कोस्टा रिकाला कामाला गेली. अननस धुऊन खोक्यात भरायची शेड होती, आणि शाळेतली एक मैत्रीण तिथं आधीच कामाला होती. याओस्काला जन्मापासून ऐकू येत नाही. एर्लिंडाला वाचता येत नाही. अशा दोघींच्या मध्ये फोन ठेवला तर त्याचा उपयोग वजन ठेवायलाच व्हायचा, म्हणून मेसेज यायचा तो शेजारच्या तोमासाकडे. तोमासा ही याओस्काची धर्ममाता, म्हणून ती एर्लिंडाला कोमाद्रे म्हणायची. पोरीचा बाप्तिस्मा तिच्या मांडीवर झालेला. पोर तिकडून अक्षरं पाठवायची, तोमासा चष्मा लावून ती मोठ्यानं म्हणायची, आणि एर्लिंडा तोमासाच्या खरखरीत आवाजात आपल्या पोरीला शोधत बसायची. सापडायची नाही.

"बरी आहे म्हणते ना? मग तुझा चेहरा का असा पडला?" तोमासानं विचारलं.

"दर आठवड्याला माणूस सारखंच बरं असतं का?"

"माझा नवरा तीस वर्षं सारखाच वाईट होता. असतं."

एरवी एर्लिंडा हसली असती. आज तिला हसू आलं नाही. पोरीला आजवर काही मागायची सवय नव्हती. बूट फाटले तरी ती बोट पुढं करून दाखवायची, मागायची नाही. आणि आता मागितलं ते हे. का मागितलं? काही दाखवायचंय म्हणून? की आईला बघायचंय म्हणून? बघावंसं माणसाला कधी वाटतं? एर्लिंडाचं डोकं असं एकदा धावायला लागलं की त्याला लगाम नसायचा.

या मायलेकींची भाषा कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल. याओस्का लहान असताना शाळा नव्हती, शिकवणारं कुणी नव्हतं. दोघींनी आपलं आपण काहीतरी जुळवलं, आणि जुळवलं ते अंगण धरून. स्वयंपाकघराच्या दारात फाटकाकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला भट्टी. भट्टी तापलेली असली की पोट भरायचं, म्हणून भट्टीकडे हात केला की अर्थ व्हायचा, बरं आहे, ठीक आहे. समोर टणक गोल फळांचं हिकाऱ्याचं झाड. त्याला बापाचा झोपाळा बांधलेला असायचा, म्हणून झाड म्हणजे पापा. पापा जाऊन खूप वर्षं झाली, झोपाळाही कुजला, पण पापा अजून झाडापाशीच होता. झाडाच्या पलीकडे फाटक. फाटक कसलं, दोन खांब आणि त्यांच्या भोकांत सरकवलेले दोन अडसर. अडसर काढलेले असले की कुणीतरी घरी यायचं आहे.

आणि डाव्या हाताला, खाली कोपऱ्यात, सरपणाचा ढीग. याओस्का चार वर्षांची असताना त्यातून लाल-काळा साप निघाला होता. एर्लिंडा दारातून जिवाच्या आकांतानं ओरडली, पण पोर तिथंच बसून लाकडाशी खेळत राहिली, कारण तिला ऐकूच येत नव्हतं. एर्लिंडानं धावत जाऊन तिला उचललं. त्या दिवसापासून ढिगाकडे हात केला की अर्थ एकच, भीती.

मग दहाव्या वर्षी याओस्का सोमोतोच्या वर्गात जायला लागली. तिथली बाई स्वतः बहिरी, थेट राजधानीहून, मानाग्वाहून आलेली. तिनं पोरांना खरी हातांची भाषा दिली. वर्षाअखेरीच्या कार्यक्रमाला एर्लिंडा नवा फ्रॉक घालून गेली, तर पोर मैत्रिणींत उभी राहून दोन्ही हातांनी इतकं भराभर बोलत होती, हसत होती, भांडत होती, की एर्लिंडाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिला आनंद झाला. आणि घरी येताना बसमध्ये तिला रडूही आलं, ते कशाचं हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पोर अंगणात आली की तिच्याशी पुन्हा अंगणातलंच बोलायची. पण आता तिकडे, त्या मैत्रिणींत इतके महिने राहिल्यावर? भट्टी आणि सरपण हे तिला आता आठवायला तरी का हवं? फोन घेतला आणि पोर काचेत ती शाळेतली भाषा बोलायला लागली तर आपण ठोंब्यासारखं बघत बसायचं. मधे तोमासाही नसेल वाचून दाखवायला.

"घेऊ का गं?" तिनं तोमासाला विचारलं.

"कशाच्या जोरावर घेशील?"

एर्लिंडानं मागच्या खोपटाकडे पाहिलं.

"डुकरीण?" तोमासाचा गळा एकदम परत आला. "पोटुशी डुकरीण विकून फोन? कोमाद्रे, फोनला पिल्लं होत नाहीत!"

"डुकरीण विकून मी स्वतः जाऊन येईन असंही होईल. एकदा डोळ्यांनी बघून येईन."

"हो, जाशील. कागद नाही, रस्ता माहीत नाही, एस्तेलीच्या बसमध्ये तुला उलटी होते. जा." मग ती जरा नरमली. "पोरांना हौस असते गं. सगळ्यांकडे आहे, आपल्या आईकडेही असावा, एवढंच असेल."

"एवढंच असेल," एर्लिंडा म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या रोस्कियांचा एक आख्खा पत्रा करपला.

कसायानं मंगळवारी डुकरीण नेली. जाताना ती इतकी किंचाळली की तोमासानं दार लावून घेतलं. बुधवारी दोघी सोमोतोला गेल्या. तोमासा आली ती सोबत म्हणून, आणि एर्लिंडाला कुणी फसवू नये म्हणून, आणि थोडी स्वतःला फोन बघायचे होते म्हणूनही.

दुकानदार तरणा होता, केस चोपडलेले, आणि दोघींना बघताच त्याची जीभ सुटली. "या माझ्या राण्यांनो! कसला फोन दाखवू?"

"राण्या बिण्या राहू दे," तोमासा म्हणाली. "कॅमेऱ्याचा दाखव."

"कॅमेरा तर सगळ्यांना आहे, दोन्या," तो बाईसाहेब म्हणावं तशा अदबीनं म्हणाला. "फोटो काढायचे, की व्हिडिओ कॉल?"

"हात दिसतात का?" एर्लिंडानं विचारलं.

"अं?"

"त्यात समोरच्या माणसाचे हात दिसतात का? हलत असताना?"

त्याला अशी गिऱ्हाइकं मिळत नसावीत. त्यानं स्वस्तातला एक फोन तिच्या हातात दिला, दुसरा घेऊन स्वतः दुकानाच्या टोकाला गेला आणि कॉल लावला. काचेत त्याचा चेहरा आला. "हात हलव," एर्लिंडा ओरडली. त्यानं हलवले. काचेत हातांच्या जागी नुसता पांढुरका फराटा उमटला, बोटं एकमेकांत मिसळून गेली.

"हा नको. यात तर बोटंच नाहीत."

मग त्यानं वरच्या फळीवरचा काढला. त्यात बोटं वेगवेगळी दिसली, नखंसुद्धा दिसली. तो महाग होता. डुकरिणीतलं फारसं काही उरणार नव्हतं. एर्लिंडा त्याच्याकडे बघत राहिली आणि दुकानदाराला वाटलं, आता शेवटचा धक्का द्यायचा.

"आणि याची खरी गंमत सांगू? हा माणसाला आपोआप सुंदर करतो. डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालचं काळं, सगळं गायब! बघा, तुम्ही वीस वर्षांच्या दिसाल."

"रडून सुजलेले डोळे असले तर?"

"तेही दिसणार नाहीत!" तो अभिमानानं म्हणाला.

एर्लिंडानं फोन काउंटरवर ठेवला आणि सरळ बाहेर पडली. तोमासा मागून हाका मारत आली, तोवर ती चौकातल्या बागेत बाकावर बसली होती.

"झालं काय तुला?"

"असला फोन काय कामाचा, तोमासा? तोही तुझ्यासारखंच म्हणणार. बरी आहे, बरी आहे."

तोमासाला राग यायला हवा होता. आला नाही. ती शेजारी बसली, पिशवीतून रोस्किया काढून तिच्या हातात दिली, आणि दोघी कुरुकुरु चावत राहिल्या. खरं सांगायचं तर एर्लिंडाला आता दोन्हीकडून भीती वाटत होती. फोन खोटं दाखवील ही भीती होतीच. पण खरं दाखवील याची भीती त्याहून मोठी होती. अक्षरांतली पोर निदान बरी होती. फोन घेतला नाही तर ती तशीच बरी राहील, दर रविवारी, कायमची. हा विचार मनात आला आणि एर्लिंडाला स्वतःची लाज वाटली. साप दिसल्यावर आपण डोळे मिटले होते का? ती उठली.

"ते सुंदर करायचं बंद होतं का?" तिनं दुकानात शिरताच विचारलं.

"होतं की. हे बघा, बंद."

"आणि तिच्याकडच्या फोनचं?"

दुकानदारानं खांदे उडवले. "ते तिच्या हातात, दोन्या."

रविवारी दुपारी शेडला सुट्टी असायची. तोमासा जेवण उरकून आली, केसांना तेल लावून, जणू तिलाच कुणी बघायला येणार होतं. दुकानदारानं याओस्काचा नंबर आत घालून दिला होता, आणि हिरवं चित्र दाबायचं एवढं शिकवलं होतं. एर्लिंडानं स्वयंपाकघराच्या दारात स्टूल मांडलं, त्यावर बसली, परत उठली. फोन धरला की एकच हात मोकळा राहत होता. एका हातानं बोलणं म्हणजे अर्धं तोंड बांधून बोलणं.

"दे इकडे, मी धरते," तोमासा म्हणाली आणि तिच्यासमोर फोन धरून उभी राहिली.

काच उजळली आणि याओस्का आली.

केस कापलेले होते. गाल बसले होते. ते खरंच होतं की फोनचं काही होतं, एर्लिंडाला कळेना. पोर हसली, हात तोंडाकडे नेला, जेवलीस का? एर्लिंडानं जेवले म्हणून हात केला. तू? जेवले. इथवर सगळं सुरळीत झालं, आणि एर्लिंडाचा जीव जरा भांड्यात पडला. मग तिनं विचारायचं ते विचारलं. भुवया उंचावल्या आणि उजवा हात लांब करून भट्टीकडे दाखवलं. बरी आहेस?

याओस्काच्या कपाळाला आठी पडली.

एर्लिंडानं परत भट्टीकडे हात केला. मग आणखी जोरानं, स्टुलावरून अर्धी उठून. पोरीनं मान हलवली, कळलं नाही. तिची नजर काचेच्या कडेवर जाऊन अडत होती, जिथं आईचा हात संपत होता.

"अगं, तुझा हात बाहेर जातोय!" तोमासा म्हणाली. "तिला भट्टी दिसतच नाही. थांब, मी दाखवते." आणि तिनं फोन गर्रकन भट्टीकडे वळवला. आता पोरीला भट्टी दिसली, पण आई दिसेना. तोमासानं फोन परत आईकडे आणला, तर भट्टी गेली. आईचा हात झाडाकडे गेला की तोमासा झाडाकडे वळे, फाटकाकडे गेला की फाटकाकडे. तिकडे काचेत पोर एक हात डोळ्यांवर ठेवून, पुरे म्हणून दुसरा हात हलवत होती.

इतक्या वर्षांत हे दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या एकमेकींशी बोलल्या होत्या त्या नेहमी एकाच अंगणात उभ्या राहून. घराबाहेर नेता येईल असं त्यांच्या बोलण्यात काही नव्हतंच.

मग याओस्कानं बोटं भराभर हलवली. शाळेतली भाषा. एर्लिंडानं मान हलवली. पोरीनं परत केलं, सावकाश. एर्लिंडाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. जे होईल असं वाटलं होतं नेमकं तेच झालं होतं, आणि तेही डुकरीण देऊन. तिनं दोन्ही हात मांडीवर टाकले.

"नको गं रडू," तोमासा म्हणाली. "तिला दिसतंय."

तिकडे पोरीनं काहीतरी ठरवलं. काच हलली, छत दिसलं, मग फोन कशाला तरी टेकला. याओस्का मागं मागं सरकत गेली. आता खोली दिसत होती, अरुंद, एकावर एक खाटा, समोर भिंत आणि भिंतीवर टांगलेला रेनकोट. पोर मधोमध उभी राहिली आणि तिनं आईकडे चक्क पाठ केली.

"ही काय तऱ्हा!" तोमासा म्हणाली. "चिडली वाटतं."

एर्लिंडा काचेवर वाकली. पोरीची पाठ, खाली आलेले खांदे, कापलेले केस. ती तशीच उभी होती. वाट बघत असल्यासारखी. आणि मग एर्लिंडाच्या लक्षात आलं, की ही पाठ आपण हजारदा बघितली आहे. स्वयंपाकघराच्या दारात, फाटकाकडे तोंड करून पोर उभी राहायची तेव्हा मागं चुलीपाशी बसून हीच पाठ दिसायची.

याओस्कानं हात वर केला. उजवा नाही. डावा. तो खाली कोपऱ्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

"काय दाखवतेय?" तोमासा काचेत डोळे घालून म्हणाली. "तिथं तर बुटांचा ढीग आहे नुसता."

"सरपण आहे," एर्लिंडा म्हणाली. "ती घाबरली आहे, तोमासा."

"कशाला?"

"आली की विचारीन."

पोरीचा हात अजून कोपऱ्याकडेच होता. मग तो उठला आणि सरळ समोर गेला, त्या रेनकोटाच्या भिंतीकडे. भिंतीच्या ठिकाणी तिच्या लेखी झाड होतं आणि झाडापलीकडे फाटक. हात तसाच ठेवून तिनं खांद्यावरून मागं पाहिलं, भुवया उंचावून. येऊ?

एर्लिंडानं तोमासाच्या हातातून फोन हिसकावला आणि धावत सुटली. स्टूल पडलं. झाडाखालून जाताना पायात मूळ आलं, तरी ती पडली नाही. फाटकाशी येऊन तिनं एका हातानं फोन उंच धरला आणि दुसऱ्या हातानं वरचा अडसर ओढला. तो जुना, फुगलेला, भोकात घट्ट बसलेला. ती शिव्या देत ओढत राहिली, तशी एकदम सुटून तो तिच्या पायावर आदळला. मग तिनं खालचाही काढला. आणि फोन पुढं धरून तिनं पोरीला मोकळं फाटक दाखवलं, आणि त्यातून जाणारा रस्ता, थेट वळणापर्यंत.

काच स्वतःकडे फिरवली तेव्हा याओस्का अगदी जवळ आली होती, सगळी काच तिच्या चेहऱ्यानं भरली होती. डोळ्यांखाली काळं होतं. पापण्या सुजलेल्या होत्या. फोननं त्यातलं काही लपवलं नाही, आणि पोरीनंही नाही.

तोमासा मागून धापा टाकत आली. तिनं जमिनीवर पडलेले अडसर पाहिले, एर्लिंडाच्या पायाच्या अंगठ्यातून येणारं रक्त पाहिलं.

"लाव ते परत, कोमाद्रे. गावभरची गुरं शिरतील अंगणात."

"शिरू देत," एर्लिंडा म्हणाली.

तिनं दोन्ही अडसर हिकाऱ्याच्या झाडाला टेकवून ठेवले आणि भट्टी पेटवायला गेली.